ॲक्सेसच्या रिपोर्टमधला चार्ट जुनाच राहतो? आठ महिने वापरून जे कळलं ते

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं बघतो मी. आधी सगळं वहीत असायचं, जूनपासून मागवार उत्पादनाचा रिपोर्ट ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसचा प्रोग्राम) काढतोय, वर टेबल, खाली चार्ट, दर शनिवारी पगाराच्या आधी मालकांच्या हातात कागद. वापरायला चांगलं आहे, मी सोडणार नाही, पण चार्टची एक गोष्ट डोक्यात बसायला मला दोन महिने लागले, कुणी आधी सांगितलं असतं तर तेवढा त्रास वाचला असता म्हणून लिहितोय.

जुलैमधल्या एका शनिवारी मालक कागद बघून म्हणाले, "अहो, चौदा नंबरचा माग मंगळवारी बीम संपला म्हणून बंद होता, टेबलात शून्य आहे ते बरोबर, मग खाली चार्टात दांडी कशाची उभी आहे?" बघितलं तर खरंच, टेबल त्या आठवड्याचं आणि चार्ट भलताच. फाईल बंद करून उघडली, कम्प्युटर रिस्टार्ट केला, शेवटी चार्ट डिलीट करून नवीन टाकला तेव्हा बरोबर आला, आणि पुढच्या शनिवारी परत तेच.

तर मुद्दा असा आहे की चार्ट रिपोर्टमध्ये बसलेला दिसतो पण त्याचा डेटा रिपोर्टकडून येत नाही. प्रॉपर्टीत रो सोर्स म्हणून त्याची स्वतःची वेगळी क्वेरी, म्हणजे हवा तो डेटा निवडून आणणारी सूचना, असते. फॉर्मवर तारखा टाकून बटण दाबलं की फिल्टर लागतो तो रिपोर्टला, चार्टला नाही. आणि मी चार्ट बनवताना ट्रायल म्हणून त्याच्या क्वेरीत त्या आठवड्याच्या तारखा हातानेच टाकल्या होत्या आणि तशाच राहिल्या, मग तो बिचारा दर शनिवारी तोच आठवडा दाखवणार नाही तर काय. आता त्या क्वेरीच्या क्रायटेरियात (अटीच्या ओळीत) तारखेच्या जागी फॉर्मवरच्या दोन बॉक्सचा रेफरन्स दिलाय, फॉर्म मात्र रिपोर्ट निघेपर्यंत उघडा ठेवायचा.

दिवसपाळी रात्रपाळीचे रंग वेगळे हवेत म्हणून क्रॉसटॅब क्वेरी (दोन्ही पाळ्यांचे आकडे वेगवेगळ्या कॉलममध्ये मांडणारी) केली तर लगेच एरर, की हे फील्ड ओळखत नाही. साध्या क्वेरीत चालणारा तोच रेफरन्स इथे का चालत नाही यात माझा अख्खा रविवार गेला. क्रॉसटॅबला पॅरामीटर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या किमती, आधी जाहीर करावे लागतात, क्वेरी डिझाईनमध्ये पॅरामीटर्सचं बटण आहे, तिथे तोच रेफरन्स अक्षरशः तसाच लिहायचा आणि टाईप डेट/टाईम निवडायचा. मागवार वेगळा चार्ट काढत असाल तर चार्टच्या प्रॉपर्टीतल्या लिंक मास्टर फील्ड्स आणि लिंक चाइल्ड फील्ड्स दोन्हीत माग नंबर भरा, रिकामं ठेवलं तर प्रत्येक मागाखाली एकच चित्र येतं.

आता मी काही बिघडलं की सगळ्यात आधी टेबल बघतो. टेबल ताजं आणि चार्ट जुना, तर चार्टची क्वेरी उघडायची. टेबलसुद्धा जुनं असेल तर चार्टला हातच लावायचा नाही, डेटाच पोचत नाहीये. आमच्याकडे हे दोनदा झालं. एकदा शेवटची एंट्री सेव्हच झाली नव्हती, फॉर्मच्या डाव्या पट्टीवर पेन्सिलचं चिन्ह दिसतंय तोपर्यंत ते रेकॉर्ड डेटाच्या टेबलात गेलेलं नसतं, म्हणून प्रिंटच्या बटणामागे रिपोर्ट उघडायच्या आधी Me.Dirty = False ही रेकॉर्ड सेव्ह करणारी ओळ टाकली. दुसऱ्यांदा गोडाऊनमधल्या कम्प्युटरवरची फाईल बॅकअपच्या डेटाला लिंक होती, तिकडे भरलेलं सगळं बॅकअपमध्येच जात होतं, लिंक्ड टेबल मॅनेजरमध्ये पाथ बघितला तेव्हा उलगडा झाला आणि सहा दिवसांच्या एंट्र्या परत भरल्या.

छोट्या गोष्टी सांगतो. जुन्या प्रकारचा चार्ट डिझाईन व्ह्यूमध्ये ईस्ट, वेस्ट, नॉर्थ असलं काहीतरी दाखवत असेल तर घाबरू नका, तो नमुन्याचा डेटा आहे, प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये बघा. चार्ट रिक्वेरी करायचा (डेटा परत आणायचा) कोड फॉरमॅट इव्हेंटमध्ये टाकला असेल तर तोही प्रिव्ह्यूमध्येच चालतो, रिपोर्ट व्ह्यूमध्ये तो इव्हेंट येतच नाही, मी तिथे तासभर बघत बसलो होतो. ॲक्सेस 2019 पासून नवीन मॉडर्न चार्ट आलेत, दिसायला छान आहेत, पण एका जरी कम्प्युटरवर 2016 असेल तर जुनेच ठेवा.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी अक्षता सोहळ्याच्या दिवशी सगळे माग बंद होते. त्या शनिवारी चार्टात सातच्या जागी सहाच दिवस, मालक म्हणाले परत अडकला वाटतं तुमचा चार्ट. तसं नव्हतं, चौदा नंबरच्या वेळी शून्याची एंट्री तरी होती, इथे त्या तारखेची एंट्रीच नाही आणि जे रेकॉर्डच नाही ते क्वेरी दाखवणार कुठून. मग वर्षभराच्या तारखांचं वेगळं टेबल केलं, ते डावीकडे ठेवून आठवड्याच्या क्वेरीला लेफ्ट जॉइन लावला, म्हणजे एंट्री नसली तरी तारीख येते, रिकाम्या जागी Nz हे फंक्शन वापरून शून्य घातलं. आता बंदचा दिवससुद्धा आपल्या जागी दिसतो, आणि मालक त्याच्यावर पेनाने "यात्रा" लिहून कागद फाईलला लावतात.