बेळगावकरांनी पहिला सर्फबोर्ड कोणता घ्यावा? आठ फुटी सॉफ्टटॉपच

चोर्ला घाट उतरून मोरजी-आश्वेला जायचं, भाड्याच्या बोर्डावर दोन-चारदा उभं राहता आलं की स्वतःचा बोर्ड घ्यायचं मनावर घ्यायचं, हे बेळगाव-खानापूरकडे आता नवं राहिलेलं नाही. नजर मात्र नेमकी सहा फुटी, टोकदार, चकचकीत फायबरग्लासवर जाते. तो घेऊ नका, सॉफ्टटॉप म्हणजे वरून मऊ फोमचा बोर्ड घ्या. ऑक्टोबर ते मे या दिवसांत गोव्याची लाट बहुतेक वेळा गुडघा ते कंबरभर, आणि जोर बेताचा. सहा फुटीत जेमतेम 26-28 लिटर आकारमान असतं. सत्तर किलोचा माणूस त्यावर आडवा झाला की बोर्ड अर्धा पाण्याखाली, हात मारून खांदे भरून येतात आणि लाट खालून निघून जाते.

लांबीपेक्षा लिटर बघा. शिकाऊ माणसाला आपल्या वजनाच्या किलोइतके किंवा थोडे जास्तच लिटर हवेत. आठ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, सव्वातीन इंच जाड सॉफ्टटॉप साधारण 70-75 लिटर भरतो. साठ-सत्तर किलोपर्यंत तो उत्तम. ऐंशीच्या आसपास असाल तर सरळ नऊ फुटी घ्या, त्यात लाज कसली? बोर्डावर लिटर छापलेले नसतील तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघायचं की.

सॉफ्टटॉपच्या पोटात थर्माकोलच्या जातीचा ईपीएस फोम, मधून लाकडी पट्ट्या, वर मऊ फोमची कातडी आणि खाली गुळगुळीत प्लास्टिक असतं. पट्ट्या दोन-तीन असाव्यात. एकही नसलेला स्वस्त बोर्ड लाटेत मधोमध मोडतो. रुंदीमुळे सॉफ्टटॉप डुगडुगत नाही आणि फेसाच्या लाटेवर उठायला दोन क्षण जास्त देतो. पोटावर झोपल्यावर नाक पाण्याच्या दोन-तीन इंच वर दिसलं पाहिजे. पुढे सरकलात तर नाक रुतून कोलांटी, मागे राहिलात तर बोर्ड ब्रेक लावल्यासारखा जागीच थांबतो. असं झालं की बोर्डाला दोष न देता चार बोटं पुढे-मागे सरकून बघा.

उणिवाही आहेत. वळायला तो जड. सोबत येणारे प्लास्टिकचे फिन, म्हणजे तळाचे कल्ले, लिबलिबीत असतात, आणि फोमची कातडी पोट-गुडघे सोलून काढते, म्हणून अंगात रॅशगार्ड, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा टी-शर्ट, हवाच. लीश (बोर्ड पायाशी जोडून ठेवणारा लवचिक बंध) बोर्डाइतकीच, म्हणजे आठ फुटी घ्या. बोर्डाला ती बांधायची दोरी इतकी आखूड ठेवा की कडेवर लीशची रुंद पट्टी टेकेल. दोरी लांब राहिली तर पडल्यावर ताण बसून बारीक दोरीच कडेला कापत जाते. हे फार जण चुकतात.

खरा घात मात्र उन्हात होतो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड ठेवला की आतली हवा फुगते, कातडी सुटते आणि तळाला फोड येतो. तो पूर्ववत होत नाही. टपावर न्यायचा तर फिन काढा, बोर्ड पालथा ठेवा, कॅरिअरच्या पाइपला जुनी वाकळ गुंडाळून घट्ट बांधा. पट्टा करकचून आवळलात तर फोम दबून कायमचा खड्डा पडतो. पट्ट्याला एक पीळ द्या, मग वाऱ्यात तो गुणगुणत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

जुना मिळत असेल तर लीशच्या भोकाभोवती आणि फिनच्या खाचांजवळ अंगठा दाबा. पाणी पाझरलं किंवा करकर ऐकू आली तर आतला फोम भिजलाय, स्वस्तात मिळाला तरी सोडा. उचलूनही बघा: आठ फुटी सहा-सात किलोचा असतो, फार जड लागला तर पाणी प्यायलाय.

न फुटलेली हिरवी लाट स्वतः हात मारून पकडता यायला लागली, डावी-उजवीकडे वळता आलं, की मग सव्वासात-साडेसात फुटी, 50 लिटरच्या आसपासचा फनबोर्ड, म्हणजे मधल्या लांबीचा बोर्ड बघा. तोवर भाड्याने एकदा चालवून बघायला हरकत नाही, पण जून ते सप्टेंबर नाही. तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटा असतो.