सोलमधलं सेलाडॉनचं दालन: फुटक्या तुकड्यांसाठी तरी जाच

सोलला जाणार असाल, तर योंगसानच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा तिसरा मजला चुकवू नका. कोरियाच्या गोर्यो राजवटीतल्या (९१८–१३९२) सेलाडॉन, म्हणजे हिरवट झिलईच्या भांड्यांचं दालन तिथे २०२२ मध्ये नव्याने मांडलंय. मी कुंभाराच्या चाकावर काम करणारी, त्यामुळे मला रंगाआधी माती दिसते.

आधी राजा इंजोंगच्या (मृत्यू ११४६) थडग्यातली मानली जाणारी खरबुजाच्या आकाराची फुलदाणी बघा. नक्षी जवळजवळ नाहीच, सगळी मदार हिरव्या-निळ्या झिलईवर. मग ११५९ मध्ये वारलेल्या मुन गोंग-यू या गोर्यो अधिकाऱ्याच्या थडग्यातला वाडगा. त्याच्या आत वेलीभोवतीची जमीन कोरून पांढऱ्या मातीने भरलीय, त्यामुळे वेल हिरवी राहिलीय. मी या वाडग्यापुढेच सर्वांत जास्त थांबले.

या भरणकामाला कोरियात सांगाम म्हणतात. भांडं अर्धवट सुकलं की कोरायचं, खाचांत पांढरी किंवा लोहाची माती भरायची, वरची खरवडायची, एकदा भाजायचं, झिलई द्यायची आणि भट्टीची हवा कोंडून पुन्हा भाजायचं. लोहाची माती काळी होते. कठीण भाग असा, की प्रत्येक माती आपापल्या मापाने आकसते. मेळ बसला नाही तर भरण सुटतं, नाहीतर भोवती तडा जातो. इथल्या भांड्यांवर भरलेल्या क्रौंच पक्ष्याच्या पायाची रेघ केसाएवढी बारीक आहे आणि आठशे वर्षांनंतरही जागची हललेली नाही!

कोरियातल्या बुआन भागातल्या युचोन-रीच्या जुन्या भट्ट्यांवर सापडलेले फुटके तुकडे घाईत ओलांडू नका. अखंड भांड्यात मातीचा पोत झाकलेला असतो, तुटलेल्या कडेवर तो उघडा दिसतो. झिलई किती पातळ ठेवलीय तेही कळतं. ती दाट असती तर खालची नक्षी धूसरली असती.

चौदाव्या शतकातल्या भांड्यांत मात्र मन रमलं नाही. ठशांनी उमटवलेली तीच तीच फुलं, रंगही राखाडीकडे झुकलेला.

ढग आणि क्रौंचांची ती प्रसिद्ध फुलदाणी इथे शोधू नका. संग्राहक जोन ह्योंग-पिल यांनी १९३५ मध्ये जपानी विक्रेत्याकडून घेतलेली ती फुलदाणी कानसोंग संग्रहालयाची आहे.

मी गेले तेव्हा कायमच्या दालनांना तिकीट नव्हतं. मेट्रोच्या चार नंबर लाईनवर इचोनला उतरा. बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत उघडं होतं. संध्याकाळीच जा, काचेशी हवं तेवढं थांबता येतं.