हात हाच सूर्य : भ्रंशांविषयीच्या एका फिरत्या प्रदर्शनाचे परीक्षण

उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांमधून जमिनीतील भ्रंश, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत सरकतात अशा भेगा, कसे ओळखतात, हे कोणतेही बटण न दाबता केवळ शरीराच्या हालचालींनी समजावून देणारे एक फिरते प्रदर्शन सध्या सोलापुरात भरले आहे. आईला आणि आठवीतल्या भाचीला घेऊन मी रविवारी ते पाहून आले. ८० रुपयांचे तिकीट पहिल्याच दालनात वसूल झाले; पुढच्या दालनाबद्दल तसे म्हणता येत नाही.

पहिल्या दालनात कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशालगतच्या कॅरिझो मैदानाचे चित्र प्रोजेक्टरने जमिनीवर पाडले आहे. छतावरचा अंतर मोजणारा कॅमेरा आपला उजवा हात ओळखतो आणि तो हात म्हणजेच सूर्य, असे मानून चित्रावर सावल्या टाकतो. हात डोक्यावर सरळ धरला, तर मैदान भर दुपारच्या माळासारखे सपाट दिसते; तो हळूहळू खाली आणला की सावल्या लांबत जातात आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ ओरखडा उमटतो. भाचीने हात नेमका त्या ओरखड्याच्या रेषेत नेला, तेव्हा तो जवळजवळ पुसला गेला आणि हात आडवा फिरवताच पुन्हा ठसठशीत झाला. उजेडाच्या दिशेला समांतर असलेली रेषा लपते, म्हणूनच भूशास्त्रज्ञ एकच प्रदेश वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशात तपासतात, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. याच मैदानात वॉलेस क्रीक नावाचा ओढा भ्रंशरेषेपाशी येऊन सुमारे १३० मीटर बाजूला सरकलेला दिसतो. उमेदीची वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यात घालवलेली माझी आई तो पाहून म्हणाली, "चादर मधोमध कापून पट्टे न जुळवताच शिवलीय की गं."

दुसरे दालन रडारचे आहे. एकाच जागेच्या, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन रडार प्रतिमांची तुलना केली की जमीन किती हलली, ते रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसते. कॅलिफोर्नियातल्याच १९९२ च्या लँडर्स भूकंपानंतर ही पद्धत जगभर गाजली. ५.६ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारमध्ये लहर जाऊन परत येत असल्यामुळे एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटरचा फरक. इतका सुंदर विषय हाती असताना येथे हात झटकून केवळ पुढचे चित्र आणायचे आहे, आणि ते काम साध्या बटणानेही झाले असते. दहा-बारा चित्रांनंतर खांदा भरून येतो. प्रेक्षक बोटभर पुढे सरकला की भिंतीवर एक पट्टा सरकावा, एवढी सोय त्याच कॅमेऱ्याने सहज करता आली असती.

यंत्रणेचा दोष सांगायलाच हवा. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या आईचा हात कॅमेऱ्याला पदरापासून वेगळा काढताच येईना आणि सूर्य भलतीकडेच भरकटू लागला. मदतनीस मुलाने नम्रपणे पदर खोचायला सांगितले, तेव्हा कुठे काम झाले. सोलापुरात प्रदर्शन मांडताना साडी नेसलेली बाई समोर उभी राहील, हे आधीच सुचायला हवे होते.

खरी चुटपुट किल्लारीची लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा हादरा बसला, तेव्हा आम्ही सोलापुरात घराबाहेर पळालो होतो; त्या भूकंपाला येथे कोपऱ्यातला एकच फलक मिळाला आहे. तेथील जुना खडक काळ्या पाषाणाच्या तीनशेहून अधिक मीटर जाडीच्या थरांखाली दडलेला असल्यामुळे कॅरिझोसारखा ओरखडा वरून दिसत नाही, हे त्या फलकावर दोन ओळींत उरकले आहे. हाताचा सूर्य कितीही फिरवला तरी काहीच उमटत नाही, असे किल्लारीचे चित्र पहिल्याच दालनात कॅरिझोशेजारी ठेवले असते, तर ते मला अधिक मोलाचे वाटले असते.

कॅमेरा एका वेळी एकाच माणसाला धरतो, त्यामुळे रविवारची गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे आणि पहिल्या दालनातच रेंगाळावे.