मीटर ६४ वर थांबायचा, पंप जळाला, ३५,५०० रुपये गेले

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांनी हे वाचाच. हायड्रॉलिक तेलाची उष्णता दाखवणारा मीटर म्हणून गावात गाडी घेऊन आलेल्या एकानं माझ्या गळ्यात रिकामा डबा मारला. मीटर ६,८५०, बसवणी ६५०. त्यातले ५,००० फोनवरून दिले, तेही दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी खासगी खात्यावर. २,५०० रोख.

हौस म्हणून घेतला नाही. उसाचा हंगाम तोंडावर होता आणि तेल तापलं की लिफ्ट आपोआप खाली बसायची. तापलेलं तेल पातळ होतं, पंपातल्या पंपातच मागं झिरपतं, ८२ अंशांच्या वर सील खराब होतात. हे ठाऊक होतं, म्हणूनच तर मीटर पाहिजे होता.

रोज आकडा ६४ पर्यंत चढायचा आणि थांबायचा. मी निर्धास्त. एका दुपारी रोटर मारता मारता भाकरी खायला ट्रॅक्टर बंद केला. वीस मिनिटांनी चावी फिरवली तर मीटरवर ३८! खाली तेल असतं त्या हाउसिंगला हात लावला तर चटका बसला. चाळीस लिटर तेल भाकरी खाईपर्यंत एवढं निवतं होय? तिथंच कळायला पाहिजे होतं. हात भाजला तरी मी आकड्यावर विश्वास ठेवला, ह्याचा संताप अजून जात नाही. पण अर्धं रान पडून होतं, आभाळ भरून आलेलं. अशा वेळी कोण मीटर उघडून बसतो?

आठवड्यात पंप गेला. मिस्त्रीनं खोललं तर तेल गाळायची जाळी गाळानं बंद, आणि मीटरच्या वायरीच्या टोकाला साधा बोल्ट. "अण्णा, ह्यात सेन्सरच नाही. चावी दिली की आकडा आपला आपण चढतोय." पंप १८,४००, तेल ९,६००.

सेन्सर बसवण्याआधी विकणाऱ्यासमोरच उकळत्या पाण्यात बुडवा. आकडा नव्वदीच्या पुढं गेला नाही तर पैसे काढू नका.

ठाण्यात गेलो तर म्हणाले, "बिल कोल्हापूरचं आहे, तिकडं जा." तिकडं म्हणाले, "खरेदी कर्नाटकात झाली, तिकडंच जा." परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये पाहिजे. २०० रुपये देऊन लिहून घेतला, तर साहेब म्हणाले, हे सिव्हिल आहे, पोलिसांचं काम नव्हे. १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, हे मी सांगितलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही! आम्ही सीमेवरची माणसं, म्हणून दोन्हीकडून ढकलायचं?

बिलावरचा जीएसटी नंबर २४ नं सुरू होतो. महाराष्ट्राचा २७, आपला कर्नाटकाचा २९. २४ म्हणजे गुजरात. पत्ता मात्र कोल्हापूरचा. सही करताना हे बघितलं असतं तर! तुम्ही पैसे देण्याआधी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. आपण राहतो तिथंच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. असलं बिल तुमच्याकडं असेल तर फाडू नका, मीटरही फेकू नका.