फायबरग्लासचा फ्लाय रॉड, साडेसात फूट, ५ नंबर: रॉड उत्तम, सांध्याने मात्र जीव खाल्ला

जानेवारीत जांबोटीच्या खाली मलप्रभेवर फ्लाय (पिसांचा नकली किडा बांधलेला गळ) कास्ट करताना, म्हणजे लाईन फेकताना, रॉडचा वरचा तुकडा सांध्यातून निसटला आणि लाईनवरून घसरत पाण्यात गेला. लीडरच्या, म्हणजे लाईनच्या टोकाला जोडलेल्या बारीक दोऱ्याच्या, गाठीला अडकला म्हणून हाती आला, नाहीतर ७,८०० रुपयांचा अर्धा रॉड डोहात गेला असता. त्यानंतर दुकानदाराशी महिनाभर फोन आणि मेल चालले. ते सगळं खाली येईलच. पण आधी एक सांगतो, म्हणजे कुणी हे वाचून उगाच कार्बनकडे पळणार नाही: बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या आपल्या नद्यांसाठी फायबरग्लासच घ्यावा, या मताला मी आजही धरून आहे.

कारण आपलं पाणी. कणकुंबीपासून खानापूरपर्यंतची मलप्रभा बहुतेक ठिकाणी अरुंद आहे. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकलेली, मागे बांबूची बेटं. इथे साठ फुटांचा कास्ट करायला जागाही नाही आणि गरजही नाही. मासा वीस-पंचवीस फुटांवर, मुळांच्या सावलीत असतो. रॉडचा नंबर म्हणजे त्याला चालणाऱ्या लाईनच्या वजनाचा नंबर. पाच नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट १४० ग्रेनचे, म्हणजे साधारण ९ ग्रॅमचे. एवढं वजन टोकाबाहेर पडल्यावर रॉड नीट वाकावा, असा हिशोब असतो. पण आपण पंधराच फूट लाईन बाहेर काढली तर वजन त्याच्या निम्म्यावर येतं. तेवढ्यावर कडक कार्बन रॉड वाकतच नाही, नुसता हलतो, आणि सगळं काम मनगटाला करावं लागतं. काचेचा, म्हणजे फायबरग्लासचा, रॉड तेवढ्या वजनालाही वाकतो. माझा नऊ फुटी कार्बन रॉड मी याच पट्ट्यात वापरलेला आहे, म्हणून हे खात्रीने लिहितोय. दीड फूट लांबी कमी झाल्याने फांद्यांत अडकणंही पुष्कळ कमी झालं.

सुरुवातीचे काही आठवडे रॉड जड आणि आळशी वाटला. हातात धरला की टोकाकडचं वजन जाणवायचं, आणि मागचा कास्ट पूर्ण उलगडायच्या आत पुढे ढकलायची कार्बनची सवय इथे चालत नव्हती. दिवाळीपर्यंत माझं मत असं होतं की हौस म्हणून ठीक, रोजचा रॉड हा नाही. ते मत आता उरलेलं नाही. मागे लाईन सरळ होईपर्यंत थांबायचं, मग सावकाश पुढे आणायचं, एवढं अंगवळणी पडलं की हा रॉड स्वतःच काम करतो. मागे झाडं असतील तिथे रोल कास्ट, म्हणजे लाईन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडायची, आणि तो तर या रॉडवर इतका सहज होतो की आता बहुतेक वेळ मी तोच करतो. कोपर दुखायचं तेही थांबलं.

लाईनबद्दल थोडक्यात. रॉडवर ५ लिहिलंय, पण जवळच्या कास्टसाठी ५ योग्य आणि चाळीस फुटांच्या पुढे तीच लाईन रॉडला जास्त होते, मधला भाग वाकून बसतो. मित्राची ४ नंबरची, १२० ग्रेनची लाईन लावून पाहिली तर लांबचा कास्ट सुधारला. मी ५ वरच राहिलो, कारण लांब जायचंच नाही. मात्र लाईन डबल टेपर घ्या. दोन्ही टोकं सारखी असतात. एक टोक दगडांवर घासून खराब झालं की रिळावर उलटी गुंडाळायची, दुसरं टोक नवं कोरं मिळतं. एका किमतीत दोन लाईनी. आमच्याकडे दगडच दगड असल्याने हा फायदा मोठा आहे. रिळावर पैसे घालू नका, या माशांसाठी रीळ म्हणजे लाईन ठेवायची जागा. तयार लीडरही मी घेत नाही. ०.४५, ०.३५, ०.२५ आणि शेवटी ०.१८ मिलिमीटरचा साधा मोनो (नायलॉन) दोरा ब्लड नॉट या गाठीने जोडून घरी करतो. फ्लायसाठी पिसं गावठी कोंबड्याच्या मानेची. चिकनवाल्याला आधी सांगून ठेवलं की तो बाजूला काढून ठेवतो.

आता सांधा.

दोन तुकड्यांचा रॉड जोडायच्या दोन पद्धती आहेत. एकीत वरच्या तुकड्याचं रुंद तोंड खालच्या तुकड्याच्या टोकावर पेनाच्या टोपणासारखं बसतं. दुसरीत खालच्या तुकड्यातून एक निमुळती खुंटी वर आलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर चढतो. काचेचे पहिले रॉड अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले तेव्हा सांधे बांबूच्या रॉडांसारखे धातूचेच होते. धातू वाकत नाही, त्यामुळे रॉडची कमान तिथे तुटायची. पुढे काचेवर काच बसवायला लागले आणि कमान सलग झाली. खुंटीचा सांधा दिसायलाही देखणा. रॉडची जाडी वरपासून खालपर्यंत एकसारखी उतरत जाते. मी तो बघूनच हा रॉड निवडला.

पण खुंटीच्या सांध्याचा एक नियम आहे, आणि तो विकणारा कुणी सांगत नाही. रॉड जोडल्यावर दोन तुकड्यांच्या मधे थोडी फट दिसलीच पाहिजे. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. वापराने खुंटी झिजते, तसा वरचा तुकडा थोडा थोडा खाली उतरतो. फट आहे तोवर तो निमुळत्या खुंटीवर आवळला जातो. फट संपली की दोन्ही तुकड्यांची तोंडं एकमेकांवर टेकतात, आवळ सुटते, आणि कितीही दाबून बसवलं तरी दहा-वीस कास्टनंतर सांधा सैल होतो. अर्धवट सुटलेल्या सांध्यावर कास्ट केला तर खुंटी चिरू शकते, आणि ती चिरली तर रॉड संपला.

माझा रॉड डब्यातून काढला तेव्हाच फट जेमतेम एक मिलिमीटर होती. पहिल्याच दिवशी काढलेला फोटो माझ्याकडे आहे, आणि तोच मी दुकानदाराला पाठवला. उत्तर आलं, "वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत येत नाही." नव्या रॉडच्या फोटोवर झीज कशी दिसते, असं विचारलं. मग दोन्ही तुकडे पाठवा म्हणाले, खर्च आमचा नाही. पीव्हीसी पाइपात घालून, दोन्ही बाजूंनी बुच लावून कुरिअर केलं. तीन आठवड्यांनी रॉड जसाच्या तसा परत आला, सोबत छापील चिठ्ठी: तपासला, दोष आढळला नाही. परतीचं कुरिअरही माझ्याच माथी. आपल्या भागात फ्लायचं सामान ठेवणारं दुकान मला माहीत नाही. सगळं लांबून मागवावं लागतं, त्यामुळे भांडायला समोरासमोर माणूस नसतो. याचा फायदा असे लोक घेतात आणि मला त्याचा खरोखर संताप आला.

शेवटी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, गेलो. आमच्या ओळखीचे एक मामा तिथे वर्षानुवर्षं लेथवर काम करतात. बेळगावात आणखी कुठे जायचं? त्यांनी खुंटी हातात घेतली, फिरवून फिरवून चार ठिकाणी मायक्रोमीटर लावला आणि म्हणाले, "ओ, ही गोलच न्हाई की. एका अंगानं जास्त घासलीय. गॅप कुठनं राहणार?" म्हणजे झीज नव्हे, कारखान्यातच खुंटी वेडीवाकडी घासलेली. तळापासून टोकापर्यंत एकाच बाजूने कमी. वापराने झिजली असती तर सगळीकडून झिजली असती.

दुरुस्ती त्यांनीच सुचवली. खुंटी स्पिरिटने पुसून इपॉक्सीचा अगदी पातळ थर दिला आणि एका बाजूला ओघळू नये म्हणून घट्ट होईपर्यंत लेथच्या अगदी कमी वेगावर फिरवत ठेवली. दोन दिवस वाळल्यावर बाराशे नंबरचा वॉटर पेपर, थोडं घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा थोडं. मामांनी दर वेळी मापलं. आता फट सहा मिलिमीटर आहे. पैसे विचारले तर "चहा सांग" एवढंच. वर एक पांढरी मेणबत्ती खुंटीवर घासायची सवय लावून घेतली, प्रत्येक वेळी जोडण्याआधी. मेणाने सांधा धरतोही चांगला आणि निघतोही सहज. बसवताना तुकडे थोडे तिरके धरून, पिळत कड्या एका रेषेत आणायच्या. काढताना मात्र पिळायचं नाही, सरळ ओढायचं. तेव्हापासून सांधा एकदाही सुटलेला नाही.

माशांबद्दल. हा रॉड हलक्या माशांचा आहे. छोट्या बुडत्या निम्फवर (पाण्यातल्या अळीसारख्या फ्लायवर) चिलापी (तिलापिया) येते, पृष्ठभागावर तरंगत्या फ्लायला छोटे चंदेरी मासे उडी घेतात, आणि तळहाताएवढा मासाही रॉड हँडलपर्यंत वाकवतो. मऊ टोकामुळे ०.१८ चा बारीक दोरा झटक्याने तुटत नाही, हा काचेचा दुसरा मोठा गुण. महसीरचं पिल्लू लागलं तर पाण्यातच सोडतो, गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबलेला असतो. मरळसाठी हा रॉड वापरू नका. मरळ गवतात घुसते आणि तिला बाहेर ओढायला ताकद लागते, ती यात नाही. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पिल्लांच्या घोळक्याजवळ मरळ दिसली तर गळच टाकू नका. नर-मादी तिथे राखण करत असतात, एक उचलली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत आणि असोग्याला देवळापाशी तर मी काठीसुद्धा उघडत नाही.

वाऱ्यात हा रॉड कमी पडतो. हिडकलच्या जलाशयावर दुपारी वारा सुटतो, तेव्हा काचेचा सावकाश कास्ट लाईनचा मोठा फुगा करतो आणि वारा तो फुगा परत तोंडावर आणतो. धरणावर जाणारे असाल तर नऊ फुटी ६ नंबरचा कार्बनच घ्या, आणि परवाना व ठेकेदाराची परवानगी आधी बघा.

घ्यायचाच असेल तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून जोडलेल्या सांध्याचा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. खुंटीचा सांधा असेल तर पाच मिलिमीटरपेक्षा कमी फट असलेला रॉड घेऊ नका, कितीही सवलत देवोत. फोटो द्यायला जो टाळाटाळ करेल तो पुढे वॉरंटीलाही टाळाटाळ करणार. माझ्या चुलतभावासाठी आता दुसरा बघतोय, सात फुटी ४ नंबर, आणि सांधा टोपणाचा. त्याच्या दुकानदाराने फोटो त्याच दिवशी पाठवला, पट्टीसकट.