प्रोसेसर गेलाय, काका

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर त्या पोराने माझ्यासमोर जो प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, ठेवला, त्याच्यावरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट पांढरी होती. वाळून तडकलेली, नखाने खरवडली तर भुगा पडेल अशी. मी आदल्या रात्री जो कूलर बसवला होता त्याची पेस्ट राखाडी होती, कंपनीनेच लावून दिलेली, लोण्यासारखी मऊ. हा फरक मला दिसला होता. दिसूनही मी साडेआठ हजार रुपये मोजले. ते कसं झालं ते सांगायला बसलोय. त्यात माझी अब्रू थोडी जाणार आहे, पण इलाज नाही.

मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा जुना लॅपटॉप थ्रीडीची फाइल उघडली की दम लागल्यासारखा करायचा. तयार कॉम्प्युटरच्या किमती ऐकल्या आणि म्हटलं, सुटे पार्ट आणून आपणच जोडू. पंचवीस वर्षं नाशिकच्या सातपूरला मशीन शॉपमध्ये काढलीत, चार स्क्रू आणि दहा वायरी आपल्याला काय जड? ही मिजास लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑक्टोबर २०२३. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि मग कॉम्प्युटरच्या पार्टचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं पालथी घातली. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर ठरलेला होता. त्याच्या पोटातच ग्राफिक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवायची सोय, असतं, म्हणजे वेगळं कार्ड पुढे पैसे जमतील तेव्हा घ्यायचं. बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड, खोक्यावर 'रायझन ५००० चालतो' असा स्टिकर बघून घेतला, कारण जुन्या साठ्यातल्या बोर्डाचं बायॉस, म्हणजे त्याला सुरू करणारा आतला प्रोग्राम, अपडेट नसेल तर नवा प्रोसेसर ओळखतच नाही. आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, पाचशे जीबीची एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, आणि कॅबिनेट. सगळं मिळून ३३ हजार ८००. दुकानदाराने विचारलं, "बिल पाहिजे का साहेब? नको असेल तर अठरा टक्के वाचतील." मी बिल घेतलं. त्याने प्रत्येक वस्तूपुढे सिरियल नंबर हाताने लिहून दिला. या सगळ्या प्रकरणात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट.

रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये सतरंजी घालून बसलो. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्याच्या खाचेच्या, म्हणजे सॉकेटच्या, त्रिकोणाशी जुळवला, हाताने दाब न देता तो आपोआप आत बसला, तेव्हा फार बरं वाटलं. बाराच्या सुमारास बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटचा दिवा लागला, मुलीने टाळ्या वाजवल्या. स्क्रीनवर मात्र 'नो सिग्नल'.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यांतला एक लाल होऊन बसला होता. पुस्तिकेत पाहिलं तर त्याचं नाव सीपीयू, म्हणजे प्रोसेसरच. माझ्या पोटात गोळाच आला. आता कळतं की त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की बोर्ड सुरू होताना प्रोसेसरच्या पायरीवर अडकलाय. प्रोसेसर मेलाय असं तो सांगत नाही. पण रात्री साडेबारा वाजता, पावणेतेरा हजारांची वस्तू स्वतःच्या हाताने बसवलेल्या माणसाला एवढा बारकावा कुठून सुचणार! मोबाइलवर आतला फोटो काढून भाच्याला पाठवला. तो कंपनीच्या कामाने परदेशी निघालेला, विमानात. मेसेजखाली एकच राखाडी टिक.

दोन दिवस थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण झोप लागेना, आणि सकाळी दहा वाजता कॅबिनेट मागच्या सीटवर ठेवून गावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव घेत नाही. तिशीतला पोरगा, बोलायला गोड, कपाळाला गंध.

मी तोंड उघडलं ते असं: "पहिल्यांदाच जोडलाय, माझंच काहीतरी चुकलं असणार. सीपीयूचा लाल दिवा लागतोय."

या दोन वाक्यांत मी त्याला तीन गोष्टी दिल्या. एक, मला यातलं कळत नाही. दोन, मी आधीच स्वतःला दोषी धरलंय. तीन, रोग कुठला सांगायचा तेही मीच सुचवलं. त्याला फक्त मान हलवायची होती.

त्याने मान हलवली. "ठेवून जा काका, आत नेऊन तपासतो." आत म्हणजे प्लायवूडच्या पार्टिशनमागे. मी समोरच्या टपरीवर दोन चहा घेतले. परत आलो तर काउंटरवर तो प्रोसेसर, वर पांढरी पेस्ट, खाली दोन पिना वाकलेल्या. त्याने भिंगसुद्धा दिलं बघायला. "प्रोसेसर गेलाय, काका. अनवाणी बसून केलंत ना? स्टॅटिकने उडतो. वर पिना वाकल्यात, म्हणजे कंपनी वॉरंटीत घेणारच नाही. बोर्ड वाचला हे नशीब समजा."

अनवाणी बसलो होतोच. घरात कोण बूट घालून बसतं?

मग त्याने तोडगा काढला. त्याच्याकडे त्याच सॉकेटचा एक 'थोडा आधीच्या मॉडेलचा' प्रोसेसर होता, साडेसात हजार, वर एक हजार मजुरी. जुना जमा करायचा. "भंगारच आहे, पण तुमच्यासाठी त्याचे पाचशे यातच वजा धरलेत." बिल मागितलं तर चिठ्ठी दिली: 'प्रो. बदली, जुना जमा.' खाली माझी सही. पैसे मी फोनवरून दिले. मॉनिटर लावून दाखवला, चालला. मी त्याचे आभार मानले, हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात. घरी जाताना पेढे घेतले.

तिसऱ्या दिवशी भाच्याचा मेसेज आला. "मामा, फोटोत वर डावीकडे बघा. बोर्डावर आठ चौकोनी भोकं रिकामी दिसतायत. प्रोसेसरच्या सप्लायची वायर तुम्ही लावलेलीच नाही. ती लावा, चालू होईल."

फोटो मोठा करून बघितला. कूलरच्या वरच्या अंगाला आठ चौकोन, दोन रांगांत चार-चार, काळेभोर आणि रिकामे. आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला वायरींचा जो जुडगा मी मोठ्या नीटनेटकेपणाने तारेने बांधला होता, त्यातून एक आठ पिनांचं टोक बाहेर आलेलं.

झालं होतं असं. एसएमपीएसमधून बोर्डाला दोन वायरी जातात. एक चोवीस पिनांची जाड, ती कुणीही विसरत नाही. दुसरी आठ पिनांची, ती खास प्रोसेसरसाठी. तिचं टोक मधोमध दुभंगून चार-चारचं होतं. ग्राफिक्स कार्डाची वायरही दिसायला तशीच असते, फक्त तिचं टोक सहा आणि दोन असं दुभंगतं, आणि एकीची दुसऱ्या ठिकाणी लावायची नसते. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नव्हतं, म्हणून दोन्ही वायरी त्याच्याच समजून मी बांधून टाकल्या. टोकावर बारीक अक्षरांत 'सीपीयू' असं उठवलेलं होतं. काळ्यावर काळं. चष्मा लावूनही नीट दिसत नाही, पण होतं. ती वायर नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, कारण ते चोवीस पिनांवर चालतात. फक्त प्रोसेसर उपाशी राहतो.

सातपूरला नवीन पोरगं लागलं की मी पहिल्या दिवशी सांगतो, मशीन बंद पडलं की आधी सप्लाय बघ, मग बाकीचं. पंचवीस वर्षं सांगतोय.

मी कॅबिनेट उघडलं. आठ पिनांची वायर आता व्यवस्थित लावलेली होती. म्हणजे पार्टिशनमागे गेल्या गेल्या त्याला दुखणं समजलं असणार, वायर लावताच माझा प्रोसेसर चालूही झाला असणार. त्यानंतर जे झालं ते दुरुस्तीत येत नाही. मुलीने कॉम्प्युटरमधला टास्क मॅनेजर उघडून, आत कुठला प्रोसेसर आहे ते दाखवणाऱ्या परफॉर्मन्सच्या पानावर बोट ठेवलं: रायझन ३ ३२००जी, कोर चार, थ्रेड चार. आपला होता सहा कोर, बारा थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी जास्त कामं करणारा. ती काही बोलली नाही, हे जास्त लागलं. रॅम मात्र माझ्याच होत्या. एवढी सचोटी त्याने पाळली.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "साहेब, प्रोसेसर असा सहजासहजी जात नाही. बोर्ड जातो, एसएमपीएस जातो, रॅम जाते. प्रोसेसर गेला असं कुणी म्हणालं की आधी दुसऱ्याकडे दाखवा. आणि माझ्याकडून डबाबंद नेलाय तुम्ही, तीन वर्षांची वॉरंटी आहे, मला का नाही फोन केलात?" याला उत्तर नव्हतं. लाज वाटली म्हणून नाही केला. शिकाऊ माणसाने वस्तू जाळली असं तो म्हणेल, याची भीती.

नंबरची गोष्ट त्यानेच समजावली, ती नवशिक्या जोडणाऱ्यांनी जरूर ऐकावी. डबाबंद रायझनच्या धातूच्या पाठीवर सिरियल नंबर कोरलेला असतो आणि तोच खोक्याच्या लेबलवर छापलेला असतो. कूलर बसला की तो नंबर पेस्टखाली जातो. म्हणून कूलर लावायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायचा, आणि दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर दुकानदाराच्या पावतीवर तो नंबर लिहून घ्यायचा. 'खराब झालेला' पार्ट दाखवला तर म्हणायचं, पुसा ती पेस्ट. मला दाखवलेल्या प्रोसेसरची पाठ पुसली असती तर दुसराच नंबर निघाला असता, कदाचित दुसरंच मॉडेल. पांढऱ्या पेस्टखाली तेच लपवलेलं होतं. एका रात्रीत कुठलीच पेस्ट वाळून तडकत नाही, एवढं तर माझ्यासारख्या ग्रीसमध्ये हात घालणाऱ्याला कळायला हवं होतं.

दुकानात गेलो. आधी ओळख पटेना, मग चिठ्ठी काढली, "सही तुमचीच ना काका?" जुना प्रोसेसर भंगारात गेला म्हणाला. मी मुंबईचं बिल, खोकं आणि तो फोटो काउंटरवर ठेवला. त्यावर त्याचं म्हणणं, वायर नव्हती हे खरं, पण प्रोसेसरही गेलेला होता. दोन्ही. वाद घालायला हे छान असतं, कारण जी वस्तू हजरच नाही तिच्याबद्दल काहीही म्हणता येतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावला. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. ही हेल्पलाइन दुकानदारापर्यंत तक्रार पोचवते, त्याला हुकूम देत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी तक्रारीचा मसुदा छापून त्याची एक प्रत त्याला नेऊन दिली, आणि साडेआठ हजारांचं जीएसटीचं बिल द्या असं लेखी मागितलं. मला वाटतं, तक्रारीपेक्षा बिलाच्या कागदाने काम केलं. दोन दिवसांनी फोन आला, "काका, मिटवून टाकू." चार हजार परत देतो म्हणाला, प्रोसेसर मिळणार नाही.

मी चार हजार घेतले. आयोगात जायला हवं होतं असं भाचा म्हणतो, आणि तो चुकीचं बोलत नाही. पण मुलीची सबमिशन्स होती, माझ्या शिफ्टा होत्या, आणि खरं सांगायचं तर तारखेला उभं राहून 'मी वायर लावायला विसरलो' हे चारचौघांत सांगायची माझी तयारी नव्हती. त्या पोराला हे आमच्यापेक्षा आधी माहीत असतं.

तुमचा नवा जोडलेला कॉम्प्युटर चालू झाला नाही तर बाहेर पडायच्या आधी अर्धा तास एवढं करा. दोन्ही सप्लाय वायरी काढून 'कट्' आवाज येईपर्यंत पुन्हा लावा. रॅम काढून एकच बसवा. चार खाचांचा बोर्ड असेल तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत, पण पुस्तिका बघून. वेगळं कार्ड नसेल तर मॉनिटरची वायर बोर्डालाच हवी, आणि प्रोसेसर ग्राफिक्सवाला हवा. नुसत्या ५६०० ला ते नसतं, 'जी' असेल तरच. बटणावर शंका असेल तर बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. बोर्डावरची बटणासारखी गोल बॅटरी, मेनची वायर काढून, पाच मिनिटं बाजूला ठेवा. तरीही नाही झालं तर दुकानात जा, पण समोर उघडायला लावा. आणि तुमचं काय चुकलं असेल ते तोंडून काढू नका.

मुलीचं तिसरं वर्ष त्या ३२००जीवरच गेलं. रात्रभर रेंडर, म्हणजे थ्रीडीचं चित्र तयार व्हायला, लावून झोपायची. प्रोसेसरचं रिकामं खोकं अजून माझ्या कपाटात आहे, एका बाजूला छोटी खिडकी असलेलं, आत मुंबईचं बिल घडी करून ठेवलंय. त्या नंबरच्या प्रोसेसरची वॉरंटी ऑक्टोबर २०२६पर्यंत. आता ज्याच्या मशीनमध्ये तो असेल, त्याच्याकडे वॉरंटीचा कागद नाही.