चहाची तलफ आणि वेफर्सचा मोह

निर्जळा एकादशीला आई चहाही घेत नसे. दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकू लागे. दुसऱ्या दिवशी उपास सोडून चहा घेतला की तासाभरात उतरे. कॅफिनची शरीराला खरोखर सवय लागते. ते थांबलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड सुरू होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या त्रासाची नोंद आहे.

वेफर्सचं तसं नाही. पाकीट फोडलं की संपेपर्यंत हात थांबत नाही, पण आठवडाभर मिळाले नाहीत म्हणून डोकं दुखत नाही. त्या पुस्तिकेत ‘अन्नाचं व्यसन’ असा आजारही नाही.

तरी खाणाऱ्याला हावरट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मीठ, तेल आणि स्टार्च यांचा असा मेळ निसर्गात सापडत नाही, तो कारखान्यात जुळवलेला असतो. आहारसंशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात २० जणांना हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणाच्या दोन आठवड्यांत ते, साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांपेक्षा, रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते.

चहा रोज थोडा कमी करत सोडता येतो. वेफर्स मी घरातच आणत नाही.